कामाआधी येणारा माणूस

कोकणातून मुंबईला जाऊन नोकरी करणाऱ्या माणसाला मराठीत चाकरमानी म्हणतात. गणपतीला आणि शिमग्याला तो गावी येतो तेव्हा सारे गाव त्याला याच नावाने ओळखते. परंतु हाच माणूस पहिल्यांदा बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा बहुधा त्याच्यापाशी चाकरी नव्हती. आणि त्या अवस्थेतील माणसासाठी मराठीने स्वतंत्र शब्द घडविलेला नाही. ‘पोटार्थी’ असा एक शब्द आहे, पण त्यात हेटाळणी आहे. ‘उपरा’ हा शब्द माणसाच्या गावाशी असलेल्या नात्याविषयी बोलतो, त्याच्या कामाविषयी बोलत नाही. ‘बेकार’ म्हणावे, तर तो शब्द घरी बसून राहिलेल्यालाही लागू पडतो. घर सोडले आहे, नव्या ठिकाणी पाऊल टाकले आहे आणि काम अद्याप मिळालेले नाही, हा जो मधला काळ, तो भाषेत अनामिक राहिला आहे. भाषेत जे अनामिक राहते ते समीक्षेच्या दृष्टीतूनही निसटण्याचा संभव असतो. मराठी समीक्षेच्या बाबतीत तो संभव खरा ठरलेला दिसतो.

स्थलांतर या विषयावर मराठीत लिहिले गेलेले नाही असे नव्हे. तथापि त्या लेखनाची विभागणी पाहिली की काय घडले हे ध्यानात येते. गाव सोडण्याची वेदना ग्रामीण साहित्याच्या खात्यावर जमा झाली. चाळ, झोपडपट्टी आणि गिरणी यांचे चित्रण महानगरी साहित्याच्या खात्यात गेले. आणि जातीमुळे गाव सोडावे लागलेल्यांचा अनुभव दलित साहित्याच्या चर्चेत आला. ही तिन्ही खाती उपयुक्त आहेत. परंतु गावाची वेस आणि गिरणीचे दार यांच्यामधले दिवस यांपैकी कोणत्याच खात्यात नीट बसत नाहीत. अलीकडे तुटलेपणा, परकेपणा, मुळांचा शोध या परिभाषेत स्थलांतराची चर्चा करण्याची रीत पडली आहे. ही परिभाषा सुस्थित स्थलांतरितांच्या अनुभवातून घडली आहे. ज्याला पहिल्या रात्री कोठे झोपावयाचे हाच प्रश्न असतो, त्याच्या मुळांची चौकशी करण्यापूर्वी त्याला अंथरूण कोणी दिले, कोणत्या नात्याने दिले आणि किती दिवसांसाठी दिले, हे विचारले पाहिजे. वाङ्मयकृतींनी हे प्रश्न विचारलेले आहेत. समीक्षेने ते क्वचितच ऐकले आहेत.

जुन्या मराठी समाजव्यवस्थेला हा मधला काळ अपरिचित नव्हता. गावात वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेला तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन ठरावाने जमीन कसणारा तो उपरी, असा भेद मराठेशाहीतील कागदपत्रांत सर्वत्र आढळतो. उपऱ्याचा दर्जा खालचा होता, हे निर्विवाद. गावकीत त्याला मिरासदाराचा मान नव्हता. परंतु त्याला नाव होते आणि त्याचे येणे अपेक्षित होते. दुष्काळाने वा लढायांनी ओस पडलेली गावे पुन्हा वसवावयाची, तर सरकार कौल देऊन कुळांना बोलावीत असे, आणि पडीत जमिनीवर पहिल्या वर्षांत हलका सारा लावून तो क्रमाने वाढवीत नेण्याची इस्ताव्याची पद्धत होती. म्हणजे नव्या माणसाला स्थिरस्थावर होण्यास काही काळ लागतो, आणि तो काळ कोणीतरी सोसावा लागतो, हे महसुली व्यवस्थेने मान्य केले होते. यात दयाबुद्धी नव्हती, सरकारचा स्वार्थ होता. तरीही मधल्या काळाची किंमत हिशेबात धरणारी ती व्यवस्था होती, ही गोष्ट उरतेच.

मुंबईने ही किंमत सरकारच्या नव्हे, तर नात्यांच्या हिशेबात टाकली. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून येणारा माणूस गिरणगावात उतरला की त्याला गावकऱ्यांची खोली ठाऊक असे. एका गावच्या मंडळींनी चाळीत भाड्याने घेतलेल्या अशा खोलीत पाळीपाळीने झोपावयाचे, कामावर असलेल्याने भाडे भरावयाचे आणि नव्याने आलेल्याने काम मिळेपर्यंत अंग चोरून राहावयाचे, असा हा व्यवहार होता. जेवण खाणावळीत. खाणावळ चालविणाऱ्या बाईने पगार होईपर्यंत थांबावयाचे ते खोलीतल्या कोणाच्या तरी शब्दावर. या खाणावळवाल्या बायकांची स्वतःची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभी केली, तेव्हा कुठे त्यांच्या श्रमांना नाव मिळाले. काम मिळे तेही एकदम नव्हे. जॉबरच्या ओळखीने रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे आणि कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी बदली म्हणून आत जावयाचे. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी आणि स्वयंपाक्यांनी मुंबईत आपापल्या गावांच्या नावाने ‘कूड’ स्थापन केले, तेही याच गरजेतून. एक जहाज सुटले आहे आणि दुसरे मिळावयाचे आहे, अशा दिवसांत नाममात्र भाड्यावर पथारी, एक पेटी ठेवण्यापुरती जागा आणि सायंप्रार्थनेसाठी वेदी, एवढे तेथे मिळत असे. मधल्या काळासाठीच उभारलेली याहून स्वच्छ संस्था भारतीय नगरांच्या इतिहासात सहसा सापडणार नाही.

हीच रीत मराठी माणसाने महाराष्ट्राबाहेरही नेली. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील माण-खटाव भागातून सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारी माणसे देशभरच्या सराफ बाजारांत पसरली, पंजाबातही गेली. जुने सोने वितळवून शुद्ध करणे, सोनारांच्या दुकानातील झाडलोटीच्या मातीतून धातूचे कण वेगळे काढणे, हे त्यांचे काम. मूस, भट्टी आणि तेजाब यांच्या सान्निध्यात ते चालते. गावाकडून येणाऱ्या पोराला यातले काही ठाऊक नसते. तो चुलत्याच्या वा गाववाल्याच्या दुकानात येतो, तेथेच झोपतो, तेथेच जेवतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी कारागीर होतो. नामदेवांनी पंजाबात केलेल्या वास्तव्याची आठवण मराठी अभ्यासक अभिमानाने काढतात. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत हे सर्वांना माहीत असते, आणि २०१५ मध्ये घुमान येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले. परंतु महाराष्ट्रातून पंजाबकडे जाणारी गलाई कारागिरांची ही वाट मराठी साहित्याच्या अभ्यासात जवळजवळ नोंदलेली नाही. संतांची वाट तीर्थयात्रेची म्हणून तिला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली. पोटाची वाट व्यवहाराची ठरली.

पंजाबच्या या वाटेवरच मधल्या काळाच्या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट परीक्षा घेणारे एक शहर उभे आहे. चंडीगढ हे विस्थापितांच्या गरजेतून जन्मलेले नगर. १९४७ मध्ये लाहोर गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. लाहोरचे विद्यापीठही असेच उघड्यावर आले. त्याचे कार्यालय सोलनला, काही वर्ग होशियारपूरला, आणि दिल्लीत दिवसा नोकरी करणाऱ्या निर्वासितांसाठी सायंकाळचे कॅम्प कॉलेज, अशी त्याची विखुरलेली अवस्था काही वर्षे होती. मग ते चंडीगढला स्थिरावले. छप्पर नसतानाही त्या विद्यापीठाच्या पदवीची मान्यता कोणी काढून घेतली नाही. संस्थेला मधला काळ मंजूर झाला. व्यक्तीच्या वाट्याला काय आले, हे पाहण्यासाठी नगराच्या आराखड्याकडे वळावे लागते.

अल्बर्ट मेयर व मॅथ्यू नोविकी यांचा पहिला आराखडा, नोविकी यांचा १९५० मधील अपघाती मृत्यू, त्यानंतर ल कॉर्ब्युझिए, पिएर जान्नरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांनी हाती घेतलेले काम, आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालेले उद्घाटन, हा इतिहास सुपरिचित आहे. पहिल्या टप्प्यात दीड लाख आणि अखेरीस पाच लाख लोकवस्ती गृहीत धरून हे शहर आखले गेले. येथे लक्षात घ्यावयाची बाब वेगळी आहे. सरकारी निवासस्थानांचे तेरा प्रकार ठरविण्यात आले आणि ते हुद्द्यांना जोडण्यात आले. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाचे घर त्याच्या पदावरून निश्चित झाले. उत्तरेकडच्या सेक्टरांत वस्ती विरळ, दक्षिणेकडे सरकावे तशी दाट. शिपायाच्या घरालाही पाणी, वीज आणि स्वतंत्र संडास असावा, असा आग्रह या वास्तुकारांनी धरला, आणि तो त्यांच्या श्रेयाचा भाग आहे. परंतु या सगळ्या मांडणीत घर हे पदाचे आनुषंगिक ठरले. आधी पद, मग घर, मग माणूस. ज्याला पद नाही त्याचे घर कोठे, हा प्रश्न आराखड्यात उद्भवतच नव्हता. कारण तसा माणूस आराखड्यात नव्हता.

तो माणूस प्रत्यक्षात मात्र पहिल्या दिवसापासून तेथे होता, कारण शहर तोच बांधीत होता. बांधकामावरील मजुरांच्या वसाहती तात्पुरत्या मानण्यात आल्या. काम संपले की मजूर निघून जातील, असे धरले गेले. ते गेले नाहीत, कारण एक काम संपले की दुसरे शोधावयाचे असते आणि शोधण्यासाठी शहरातच राहावे लागते. शहराच्या हद्दीबाहेर सरकून झोपडी घालावी, तर १९५२ च्या परिघ नियंत्रण कायद्याने भोवतालच्या पट्ट्यातील बांधकामावर निर्बंध घातलेले होते. अशा रीतीने आत स्थान नाही आणि बाहेर परवानगी नाही, अशा अवस्थेत ‘लेबर कॉलनी’ हा शब्द चंडीगढच्या बोलीत रूढ झाला. २०११ च्या जनगणनेत या केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या १०,५५,४५० भरली. पाच लाखांच्या गृहीताच्या दुपटीहून ती अधिक. वसाहती हटविण्याची कारवाई वेळोवेळी झाली, पाच नंबरची कॉलनी २०१३ मध्ये आणि चार नंबरची कॉलनी मे २०२२ मध्ये पाडण्यात आली. पर्यायी सदनिका देण्याच्या योजना आखल्या गेल्या हेही खरे. पण अशा योजनांत पात्रता ठरते ती एखाद्या जुन्या पाहणीवरून. मुंबईतही झोपडपट्टीवासीयांसाठी १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २००० अशा मर्यादा ठरत गेल्या. काम शोधावयास आज आलेला माणूस अशा प्रत्येक तारखेच्या पलीकडे राहतो. शासनाची उदारता नेहमी काल आलेल्यासाठी असते.

या शहरातील एक अपवाद बोलका आहे. फाळणीत आपले गाव गमावून आलेले नेकचंद १९५१ पासून चंडीगढला सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नगरासाठी उठविलेल्या गावांतील घरांचे अवशेष, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे गोळा करून त्यांनी सरकारी वनजमिनीवर कोणालाही न सांगता एक शिल्पनगरी रचली. ती उघडकीस आल्यावर पाडली गेली नाही. १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ म्हणून तिचे उद्घाटन झाले. हा निर्णय योग्यच होता. परंतु अनधिकृत बांधकामाविषयी शासन लवचीक होऊ शकते, हेही त्यावरून सिद्ध होते. उठविलेल्या घरांच्या तुकड्यांना आराखड्यात जागा काढता आली. ज्यांच्या हातांनी नवी घरे उभी राहिली त्यांना जागा काढणे अधिक अवघड ठरले.

आता वाङ्मयाकडे यावे. प्रेमचंदांच्या ‘गोदान’ (१९३६) मधील गोबर लखनौला पळून येतो तेव्हा त्याच्यापाशी काम नसते. मिर्झा खुर्शेद त्याला राहावयास एक कोठडी देतात, आणि ती कोठडी मिळाली म्हणून तो पुढे खोंचा लावू शकतो. आधी छप्पर आले, मग धंदा. गोबरच्या स्वभावातील पुढचे सगळे बदल, त्याची धिटाई आणि त्याचा हिशेबीपणा, या क्रमातून उलगडतात. हा क्रम वाचकाच्या नजरेतून सहज सुटतो, कारण समीक्षेचे लक्ष होरीच्या शोकांतिकेवर केंद्रित असते. अण्णा भाऊ साठे १९३० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. पुढे त्यांनी मिळेल ते काम केले, आणि त्यांच्या कथांतील व छकडीतील माणूस हा बहुशः असा, रिकाम्या हातांनी आलेला, माणूस आहे. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील रूपक म्हणून वाचली जाते, आणि तसे वाचणे समर्थनीय आहे. परंतु गावी राहिलेली बायको आणि शहरात कामाच्या शोधात भटकणारा नवरा, हा त्या रूपकाचा आधार आहे. तो प्रत्यक्ष अनुभवातला नसता तर रूपक उभेच राहिले नसते. भीष्म साहनींच्या ‘बसंती’ या हिंदी कादंबरीत दिल्लीची घरे बांधणाऱ्या गवंड्यांचीच वस्ती पाडली जाते. चंडीगढच्या मजूर वसाहतींचा वृत्तांत वाचताना ही कादंबरी आठवणे अपरिहार्य आहे.

येथवरच्या विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की मुंबईची खोली चांगली आणि चंडीगढचा आराखडा वाईट. तसा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. गावकऱ्यांची खोली गावकऱ्यांची होती. म्हणजेच ती जातीची होती. गावातल्या महारवाड्यातून आलेल्या माणसाला गावच्या खोलीत पथारी मिळत नव्हती. गिरणीतही विणकाम खात्यात दलितांना मज्जाव होता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तेथे विटाळ दिसे. त्याने जावे कोठे? दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधील कावाखाना हे याचे उत्तर आहे. तेथेही नातेवाईक नातेवाइकांना सामावून घेतात, परंतु ज्यांच्यापाशी काहीच नाही अशांनी ज्यांच्यापाशी काहीच नाही अशांना दिलेला तो आसरा आहे. नात्यांच्या हिशेबावर मधला काळ सोपविला, की नात्यांतील विषमताही त्याबरोबर येते.

या ठिकाणी बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) ही कथा निर्णायक ठरते. तिच्यातील निवेदक परक्या शहरात येतो तो रेल्वेची नोकरी हाती घेऊन. नोकरी आहे, नाही ती खोली. आणि खोली मिळावी म्हणून जात लपवावी लागते. अण्णा भाऊंचा माणूस आणि बागुलांचा माणूस यांना शेजारी उभे केले, की प्रश्नाची दोन टोके दिसतात. एकाला काम न विचारणारे छप्पर हवे आहे. दुसऱ्याला जात न विचारणारे छप्पर हवे आहे. मुंबईच्या खोलीने पहिल्याची गरज भागविली आणि दुसऱ्याला दाराबाहेर ठेवले. चंडीगढच्या आराखड्याने तत्त्वतः दुसऱ्याची गरज मान्य केली. शिपायाचे घर शिपायाला मिळेल, त्याची जात वा गाव विचारले जाणार नाही, हे त्या तेरा प्रकारांमागचे वचन होते आणि भारतीय समाजात ते लहान वचन नव्हते. पण त्याच आराखड्याने पहिल्या माणसाला अस्तित्वच नाकारले. दोन्ही गोष्टी न विचारणारे छप्पर भारतीय नगराने अजून बांधलेले नाही. स्थलांतराचा वाङ्मयीन विचार याच उणिवेपासून सुरू झाला पाहिजे.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनाने या विचाराला आणखी एक परिमाण दिले आहे. बिऱ्हाड गाढवांवर लादून गावोगाव टोपल्या विणीत फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबासाठी मधला काळ हा काळ राहतच नाही. ते त्यांचे आयुष्य होते. प्रत्येक नवे गाव म्हणजे काम मिळेल की नाही याची नवी अनिश्चितता, आणि प्रत्येक गावी पुन्हा उपरेपण. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर शिक्का मारला, त्यांच्या बाबतीत काम नसताना नव्या ठिकाणी येणे एवढेच संशयाला पुरेसे होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु अनोळखी, रिकाम्या हाताने आलेल्या माणसाकडे संशयाने पाहण्याची प्रशासकीय सवय कायद्याबरोबर रद्द झाली, असे म्हणता येत नाही. ‘उपरी’ या महसुली संज्ञेपासून ‘उपरा’ या शीर्षकापर्यंतचा प्रवास हा एका शब्दाचा इतिहास आहे. एके काळी ठरावाने जमीन मिळविणाऱ्याचे ते नाव होते. पुढे ते कोणताच ठराव नसलेल्या माणसाचे नाव झाले.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाही. भारताच्या संविधानाने अनुच्छेद १९ मध्ये देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क नागरिकाला दिला, आणि तो देताना हाती नोकरी असली पाहिजे अशी अट घातली नाही. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. त्या निकालपत्रात आलेली याचिकाकर्त्यांची हकीकत एखाद्या कथेसारखी वाचता येते. त्यांतील एक जण संगमनेरचा. गावी पादत्राणांच्या कामावर दिवसाला सात-आठ रुपये मिळविणारा. गावचे घर कोसळले, तो मुंबईला आला, बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांवर लागला, आणि पदपथावर निवाऱ्यापुरती जागा मिळविण्यासाठी त्याने तेथल्या एका गुंडाला ३०० रुपये मोजले. महिन्याची जवळजवळ सगळी कमाई पथारीपुरत्या जागेसाठी गेली. तत्त्व मान्य करूनही न्यायालयाने पदपथ रिकामे करण्यास अखेर मुभा दिली. मार्च २०२० मधील टाळेबंदीत काम थांबताच लक्षावधी माणसे पायी गावाकडे निघाली, तेव्हा याच व्यवस्थेचे सत्य रस्त्यावर आले. शहरातील त्यांचा मुक्काम कामाच्या दिवसांपुरताच होता; काम गेल्यावर चार आठवडे थांबण्याइतकी जागा शहरात त्यांच्यासाठी नव्हती.

याच्या उलट दिशेचे राजकारणही आहे, आणि मराठी वाचकाला ते परके नाही. १९६६ नंतरच्या मुंबईत भूमिपुत्रांचा प्रश्न उभा राहिला. स्थानिक माणसाची नोकरीविषयीची चिंता खोटी नव्हती. परंतु नव्याने येणाऱ्याला ‘आधी काम दाखव’ असे विचारणाऱ्यांपैकी अनेकांचे आजोबा काम नसतानाच धक्क्यावर उतरले होते. हरियाणाने खासगी क्षेत्रातील दरमहा ३० हजार रुपयांपर्यंतच्या नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के जागा राखून ठेवणारा कायदा जानेवारी २०२२ पासून अंमलात आणला. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. ते न्यायालय चंडीगढच्या सेक्टर १ मध्ये, कॉर्ब्युझिए यांनीच रचलेल्या वास्तूत बसते. ज्या आराखड्याने पद नसलेल्या माणसाची कल्पना केली नव्हती, त्याच्या माथ्यावरच्या इमारतीत त्या माणसाचा हक्क उच्चारला गेला. मात्र हक्काच्या उच्चारातून पहिल्या महिन्याचे भाडे निघत नाही.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की गोबर, अण्णा भाऊंचा मजूर, बागुलांचा निवेदक, मान्यांचे कुटुंब आणि बसंती यांना वेगवेगळ्या भाषांच्या, वेगवेगळ्या प्रवाहांच्या कप्प्यांत ठेवण्याऐवजी एका अभ्यासपत्रिकेत एकत्र वाचावे. प्रभाव आणि साम्य शोधण्याच्या तौलनिक अभ्यासाच्या जुन्या पद्धतीपेक्षा एकाच सामाजिक अवस्थेचे निरनिराळ्या भाषांनी कसे आकलन केले, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. दुसरी गोष्ट अशी की अशा वाचनात काही साधे प्रश्न आग्रहाने विचारावेत. पात्र शहरात आल्यावर पहिली रात्र कोठे काढते? त्याला जेवण उधार कोण देते? त्या उधारीमागे कोणाचा शब्द आहे? तो शब्द कोणाला मिळत नाही? कादंबरीकाराने या दिवसांना किती पाने दिली, की एका वाक्यात ते उरकून पात्राला थेट कामावर उभे केले? कथनाचा काळ कोठे ताणला जातो आणि कोठे आखडला जातो, हा रूपाचा प्रश्न आहे. येथे तो नैतिक प्रश्नही होतो.

तिसरी गोष्ट मराठी विभागांपुरती आहे. गलाई कारागिरांची पत्रे, गावकऱ्यांच्या खोल्यांच्या भाड्याच्या वह्या, खाणावळींचे उधारीचे हिशेब, कुडांची नियमपुस्तके, हे सारे मराठीच्या आणि कोंकणीच्या गद्याचे साहित्य आहे. गिरण्या १९८२ च्या संपानंतर क्रमाने बंद पडल्या, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले, आणि या वह्या रद्दीत गेल्या किंवा जाण्याच्या मार्गावर आहेत. गलाईच्या दुकानांत पहिली पिढी म्हातारी झाली आहे. त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत, माणदेशी शब्दांना पंजाबी वा हिंदी वळण लागलेले आहे तशाच, उतरवून घेणे हे एखाद्या पदव्युत्तर विभागाला दोन-तीन उन्हाळ्यांत करता येण्याजोगे काम आहे. चंडीगढसारख्या ठिकाणच्या विद्यापीठांनी पंजाबी आणि हिंदीच्या अभ्यासकांना बरोबर घेऊन ते केले, तर कामाच्या शोधात पूर्वेकडून पंजाबात येणाऱ्या मजुरांच्या भोजपुरी आणि मैथिली कथनांशी त्यांची तुलनाही होऊ शकेल.

एवढे झाल्याने कोणाला खोली मिळणार नाही, हे उघड आहे. समीक्षेचे ते कामही नव्हे. परंतु नगररचनाकार, कायदेपंडित आणि धोरण ठरविणारे स्थलांतरिताची जी व्याख्या करतात, तीत काम मिळाल्यानंतरचा माणूस असतो आणि गाव सोडण्यापूर्वीचा माणूस असतो. मधला माणूस कादंबरीत, कथेत, छकडीत आणि आत्मकथनात आहे. त्याची साक्ष अन्यत्र फारशी उपलब्ध नाही. ती साक्ष क्रमवार काढून समोर ठेवणे हे साहित्याच्या अभ्यासकाला शक्य आहे, आणि दुसऱ्या कोणत्या विद्याशाखेने ते केल्याचे अद्याप दिसत नाही. चंडीगढचा आराखडा करणाऱ्यांपुढे ‘गोदान’ होते. त्याचे भाषांतर करून कोणी त्यांना वाचून दाखविले नव्हते. पुढच्या नगराचा आराखडा करणाऱ्यांना ही सबब राहू नये.